स्थलांतर, अनधिकृत : संसदीय चर्चांतील परिभाषा

परवान्यावाचून देशाच्या हद्दीत येणे किंवा परवान्याची मुदत संपल्यावरही तेथे राहणे, यास सामान्यतः अनधिकृत स्थलांतर म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने ही व्याख्या पुरेशी असली, तरी विधिमंडळांतील व संसदेतील चर्चांत ती क्वचितच पुरेशी ठरली आहे. सीमा ओलांडून आलेल्या माणसास कोणत्या शब्दाने संबोधावे, यावरच तेथे बहुधा वाद झालेला आढळतो. निर्वासित, विस्थापित, शरणार्थी, परतलेला, परकी, घुसखोर, बेकायदा स्थलांतरित असे अनेक शब्द भारतीय संसदेच्या कामकाजात आले. त्यांपैकी प्रत्येक शब्दात त्या माणसाच्या हक्कांविषयीचा निर्णय आधीच गृहीत धरलेला असतो. सीमा ओलांडण्याची कृती एकच असते; ती कोणत्या हेतूने केली याविषयी वक्त्याचा जो ग्रह असतो, त्यावरून शब्द ठरतो. या परिभाषेची घडण १९४७ ते १९५० या काळात झाली. ती समजून घेण्यास मराठवाड्याचा, विशेषतः औसा–लातूर परिसराचा अनुभव उपयुक्त आहे, कारण त्या अल्प काळात या भागातील लोकांना यांपैकी बहुतेक शब्द लागू झाले किंवा लागू करता करता अपुरे पडले.

हैदराबाद संस्थानातील परिस्थिती : औसा हा किल्ल्यामुळे प्रसिद्ध असलेला तालुका तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) जिल्ह्यात मोडत असे. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर तो त्यात समाविष्ट झाला. संस्थानात बाहेरच्यांसाठी जुनाच शब्द रूढ होता, तो म्हणजे ‘गैरमुलकी’. १९१९ च्या मुलकी नियमांनुसार संस्थानात किमान १५ वर्षे वास्तव्य केलेल्यास मुलकी ठरण्याचा मार्ग खुला असे व सरकारी नोकरीसाठी मुलकी असणे आवश्यक मानले जाई. या भेदाचा संबंध धर्माशी वा भाषेशी नव्हता, तर वास्तव्याशी होता. पुढील काळातील परिभाषेशी तुलना करताना हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार व निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला; पण संस्थान भारतात विलीन झाले नाही. कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांचे अत्याचार वाढत गेले. रझवी हे मूळचे लातूर येथे वकिली करणारे, त्यामुळे या परिसरास त्या संघटनेची झळ विशेष पोहोचली. गावेच्या गावे रिकामी होऊ लागली. लातूरहून बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी बार्शी–कुर्डुवाडीकडे, म्हणजेच मुंबई प्रांतात जात असे. त्या गाडीने, बैलगाड्यांनी व पायी अनेक कुटुंबे सोलापूर जिल्ह्यात आली. स्टेट काँग्रेसने सीमेवर शिबिरे उघडली होती. ही माणसे कोणत्याही परवान्यावाचून एका राज्यसंस्थेतून दुसरीत येत होती. तथापि मुंबई प्रांतात त्यांस कोणी अनधिकृत म्हटले नाही. ती निर्वासित होती.

याच सुमारास उलट दिशेनेही लोक जात होते. मध्य प्रांत, बिहार व इतर ठिकाणच्या दंगलींनी भयभीत झालेले हजारो मुसलमान निजामाच्या राज्यात आश्रयाला आले. त्यांच्याबद्दल भारतातील राजकीय भाषणांत वेगळी भाषा ऐकू येते. संस्थानातील लोकसंख्येचे प्रमाण बदलावे म्हणून निजाम सरकारने बाहेरून माणसे आणून वसविली, असा आक्षेप घेतला जाई. निजाम सरकारचे तसे धोरण असणे अशक्य नव्हते; पण घर जळाल्यामुळे पळून आलेल्या माणसाचा हेतू आणि त्यास ठेवून घेणाऱ्या सरकारचा हेतू यांत या भाषेने फरक केला नाही. ७ सप्टेंबर १९४८ रोजी जवाहरलाल नेहरूंनी संविधान सभेच्या कायदेमंडळ म्हणून भरलेल्या बैठकीत हैदराबादविषयी निवेदन केले. त्यात रझाकारांचे अत्याचार हा मुख्य मुद्दा होता व सिकंदराबाद येथे भारतीय सैन्य परत येऊ द्यावे अशी मागणी होती. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि पाच दिवसांत संपली.

त्यानंतर जे घडले, त्यास संसदीय परिभाषेत नावच नव्हते. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी १९४८ च्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला. त्यांच्या अहवालाने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पीडित ठरविले. संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. तो वादग्रस्त राहिला. लातूर शहरात सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार उरले, असेही अहवालात नमूद आहे. मारले गेले त्यांव्यतिरिक्त उरलेले बहुतेक पळून गेले होते. हा अहवाल त्या काळी प्रकाशित झाला नाही व कित्येक दशकांनंतरच अभ्यासकांना पाहावयास मिळाला. लातूर–औसा भागातून हैदराबाद शहराकडे गेलेल्या या लोकांनी कोणतीही राज्यसीमा ओलांडली नव्हती. त्यामुळे ती निर्वासित नव्हती, परकीही नव्हती. जी काही कुटुंबे पुढे पाकिस्तानात गेली, त्यांच्यासाठी मात्र दिल्लीत स्वतंत्र शब्द व स्वतंत्र कायदा सिद्ध होत होता.

अरब व रोहिले यांची गोष्ट याहून निराळी आहे. दक्षिणेतील गढ्या-किल्ल्यांवर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांपासून अरबांच्या तुकड्या असत. मराठी संस्थानिकही त्यांस चाकरीस ठेवीत. खेड्यापाड्यांत सावकारी करणाऱ्या पठाणांस लोक सरसकट रोहिले म्हणत. १९४८ नंतर भारत सरकारने यांपैकी अनेकांस स्थानबद्ध केले आणि परकी म्हणून देशाबाहेर पाठविण्याचे ठरविले. पण त्यांत याच भूमीत जन्मलेले, स्थानिक स्त्रियांशी विवाह केलेले, दोन-तीन पिढ्यांचे रहिवासी निघाले. त्यांस स्वीकारणार कोण, हा प्रश्न होता. हद्रमौतचे अरब म्हणून एडनच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांशी व पठाण म्हणून पाकिस्तानशी वाटाघाटी कराव्या लागल्या. त्या लांबत गेल्या व अनेकांस अखेर येथेच राहू द्यावे लागले. ज्यास परत पाठवावयाचे, त्याचा देश कोणता हे सिद्ध करता न येणे, ही पुढील सर्व काळात वारंवार उद्भवलेली अडचण प्रथम या प्रकरणात स्पष्टपणे दिसली.

संविधान सभेतील चर्चा : नागरिकत्वाचे अनुच्छेद (सध्याचे ५ ते ११) डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेपुढे मांडले. एका अनुच्छेदाचा अपवाद सोडता मसुदा समितीस याइतका त्रास दुसऱ्या कोणत्याही अनुच्छेदाने दिला नाही, असे त्यांनी प्रारंभीच सांगितले. हैदराबाद संस्थानाचा एकही प्रतिनिधी त्या वेळी सभागृहात नव्हता. संस्थानाच्या जागा रिक्त होत्या. औशाच्या रहिवाशाचे नागरिकत्व ज्या तीन दिवसांत ठरले, त्या दिवसांत त्याच्या वतीने बोलणारा कोणी नव्हता.

मसुद्यात दोन तारखा कळीच्या होत्या. पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ पूर्वी आलेला व तेव्हापासून येथे राहत असलेला माणूस नागरिक ठरे. त्या तारखेनंतर आलेल्यास सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून नोंदणी करावी लागे. १९ जुलै हा पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धती सुरू झाल्याचा दिवस होय. दुसरी तारीख १ मार्च १९४७. तिच्यानंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला माणूस नागरिक मानला जाणार नव्हता. त्यास एक अपवाद होता : कायमचे परतण्याचा किंवा पुनर्वसनाचा परवाना घेऊन जो परत येईल, त्यास ही बंदी लागू नव्हती. तीन दिवसांची बहुतेक चर्चा या एका अपवादाभोवती फिरली.

संयुक्त प्रांताचे जसपत रॉय कपूर यांनी या अपवादावर सर्वांत तीव्र हल्ला केला. जो माणूस पाकिस्तानात गेला त्याने आपली निष्ठाही तिकडे नेली. त्याचे स्थलांतर तेथेच पूर्ण झाले. आता तो परतला तरी परकीच, असा त्यांचा युक्तिवाद होता. इतर काही सदस्यांनी मालमत्तेचा प्रश्न काढला. परतलेल्यांनी आपली घरे व जमिनी परत मागितल्या, तर पंजाब-सिंधमधून आलेल्या निर्वासितांस काय द्यावयाचे? हा प्रश्न खरा व तातडीचा होता. कल्याणच्या लष्करी छावणीत, म्हणजे नंतरच्या उल्हासनगरात, उतरलेल्या सिंधी कुटुंबांस तो रोज भेडसावत होता. परंतु सभागृहात तो निष्ठेच्या भाषेत मांडला गेला. घरावरचा हक्क ठरविणे अवघड असते. निष्ठेविषयी तर्क करणे त्या मानाने सोपे.

या चर्चेतील दुसरा महत्त्वाचा आवाज मराठी होता. विदर्भातील डॉ. पंजाबराव देशमुख यांनी, केवळ जन्माच्या योगायोगाने नागरिकत्व दिल्यास ते फार स्वस्त होईल, असा आक्षेप घेतला. त्यांची उपसूचना अशी होती, की जो धर्माने हिंदू वा शीख आहे व अन्य कोणत्याही देशाचा नागरिक नाही, तो कोठेही राहत असला तरी त्यास भारताचे नागरिकत्व मिळण्याचा हक्क असावा. देशमुख हे शेतकऱ्यांचे व बहुजनांच्या शिक्षणाचे कैवारी म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. त्यांच्या चरित्रांत या उपसूचनेकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. परंतु भारतीय नागरिकत्वाच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे, कारण सत्तर वर्षांनी संसदेत जो वाद झाला त्याची एक बाजू तिच्यात जवळजवळ पूर्णपणे आलेली आहे.

उत्तर अनेकांनी दिले. मूळचे कराचीचे पारशी सदस्य आर. के. सिधवा यांनी, जमातींची नावे घालावयाची तर पारशी व ख्रिस्ती यांनी कोठे जावे, असा साधा प्रश्न विचारला. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी धर्म वा वंश यांवर नागरिकत्व ठरविणे धर्मनिरपेक्ष राज्यात शक्य नाही, असे प्रतिपादिले. बिहारचे ब्रजेश्वर प्रसाद तर सर्वांच्या उलट टोकाला गेले. दंगलीच्या भीतीने जे काही काळ पलीकडे गेले त्यांनी भारताचा त्याग केला असे मानण्यास आधार काय, असा त्यांचा रोख होता. गोपालस्वामी अय्यंगार यांनी कारभाराची बाजू मांडली. कायमच्या परतीचा परवाना चौकशी करूनच दिला जातो, राज्याने स्वतः परवाना देऊन बोलाविलेल्या माणसास नंतर परकी म्हणता येणार नाही आणि मालमत्तेचा प्रश्न हा स्वतंत्र कायद्याचा विषय आहे, हे त्यांचे मुद्दे होते. १२ ऑगस्टला नेहरू बोलले. हे नियम सर्वांस सारखेच लागू आहेत व त्यांचा लाभ प्रामुख्याने हिंदू व शीख यांसच होणार आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ‘अनुनय’ हा शब्द सैलपणे वापरला जातो याबद्दल त्यांनी नापसंती दर्शविली आणि धर्मनिरपेक्ष राज्य म्हणजे आपण कोणावर उपकार करीत आहोत असा सूर लावण्यासही हरकत घेतली. देशमुखांची उपसूचना फेटाळली गेली. परतीचा अपवाद राहिला.

या संपूर्ण चर्चेत संख्येस दुय्यम स्थान आहे. किती माणसे आली यापेक्षा ती का गेली व का परतली, यावर वक्ते बोलत होते. आसामच्या सदस्यांनी पूर्व बंगालमधून चोरून येणाऱ्यांचा प्रश्न मांडला, तेव्हाही त्यांचा मुद्दा हेतूचाच होता. हेतूची ही भाषा पुढे कायद्यातही उतरली. निष्क्रांतांच्या मालमत्तेसंबंधीच्या १९४९ च्या वटहुकमात व १९५० च्या अधिनियमात गेलेल्या माणसाबरोबरच ‘जाण्याचा बेत असलेला’ अशी एक कोटी होती. अद्याप घरात बसलेल्या माणसाच्या मनातील बेत सरकारी अधिकाऱ्याने ओळखावा, अशी तिची रचना असल्याने तिच्यावर टीका झाली व पुढे ती वगळण्यात आली. १९५० च्या आसाममधील स्थलांतरितांच्या निष्कासनाच्या अधिनियमातही, पाकिस्तानातील दंगलींमुळे किंवा त्यांच्या भीतीने आलेल्यांस वगळले होते.

उत्तरकालीन चर्चा : १९६० नंतर सभागृहात ‘घुसखोर’ या अर्थाचा शब्द रूढ झाला. मराठी वृत्तपत्रांनीही तो त्याच सुमारास उचललेला दिसतो. त्याच्यापुढे हेतूची चौकशी संपते, कारण हेतू शब्दातच सांगितलेला असतो. १९७१ मध्ये मात्र प्रवाह उलटला. २४ मे रोजी इंदिरा गांधींनी लोकसभेत सांगितले, की पूर्व बंगालमधून आठ आठवड्यांत सुमारे ३५ लाख माणसे आली असून फाळणीपासून ज्या अर्थाने आपण निर्वासित म्हणतो त्या अर्थाने ती निर्वासित नाहीत; ती युद्धाची बळी आहेत. शब्द नाकारण्यामागे धोरण होते. निर्वासितांचे पुनर्वसन करावे लागते, युद्धबळींनी परत जावयाचे असते. त्यापूर्वी आलेल्या बंगाली कुटुंबांस दंडकारण्य प्रकल्पात व तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या पूर्व भागात जमिनी दिल्या गेल्या होत्या. तेथे त्यांच्या वसाहती अद्याप आहेत.

आसाम आंदोलनानंतर संख्या हाच चर्चेचा कणा बनला. १९९७ मध्ये गृहमंत्री इंद्रजित गुप्त यांनी देशात सुमारे एक कोटी बेकायदा स्थलांतरित असल्याचे संसदेत सांगितले. १४ जुलै २००४ रोजी गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत दिलेला आकडा १,२०,५३,९५० होता. शेवटच्या पन्नासापर्यंत मोजलेला हा आकडा ऐकणाऱ्यास शिरगणतीचा वाटावा. पण आसाममधून निषेध होताच, तो ऐकीव व अविश्वसनीय माहितीवर आधारलेला असल्याचे सरकारलाच काही दिवसांत मान्य करावे लागले. त्या वेळी गृहमंत्रिपदी लातूर जिल्ह्यातील चाकूरचे शिवराज पाटील होते. १९८० ते २००४ लातूरचे खासदार व १९९१ ते १९९६ लोकसभेचे सभापती राहिलेल्या पाटील यांच्या कारकीर्दीतच सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २००५ रोजी आसामपुरता लागू असलेला १९८३ चा न्यायाधिकरण अधिनियम रद्द ठरविला. त्या अधिनियमाचे वैशिष्ट्य असे, की माणूस परकी असल्याचे सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्या पक्षावर होता. १९४६ च्या परकी नागरिक अधिनियमात तो भार उलट त्या माणसावरच होता. १९८३ चा अधिनियम गेल्यावर आसामातही हाच नियम लागू झाला.

पुराव्याचा प्रश्न महाराष्ट्राच्या संदर्भात संसदेपुढे आला तो जुलै १९९८ मध्ये. मुंबईतील जरीकाम करणाऱ्या बंगाली मुसलमान कारागिरांस बांगलादेशी ठरवून पोलीस पहाऱ्यात आगगाडीने सीमेकडे पाठविण्यात येत होते. हावडा जिल्ह्यातील उलुबेडिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांस उतरवून घेतले. लोकसभेत पश्चिम बंगालच्या सदस्यांनी ही माणसे भारतीय नागरिक असून केवळ भाषेवरून व धर्मावरून त्यांस परकी ठरविले, असा आरोप केला. महाराष्ट्रातील युती सरकारच्या समर्थकांनी घुसखोरीचा धोका पुढे केला. दोन्ही बाजू एकमेकांस उत्तर देत नव्हत्या. एक बाजू विशिष्ट माणसांविषयी बोलत होती व दुसरी एका वर्गाविषयी.

‘बेकायदा स्थलांतरित’ ही संज्ञा नागरिकत्वाच्या कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने प्रथम आली. १८ डिसेंबर २००३ रोजी राज्यसभेत विरोधी पक्षनेते मनमोहन सिंग यांनी बांगलादेशासारख्या देशांतून छळामुळे येणाऱ्या अल्पसंख्याकांबाबत उदार दृष्टी ठेवण्याचे आवाहन केले. डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांस या संज्ञेतून वगळले. लोकसभेत ती ३११ विरुद्ध ८० मतांनी संमत झाली. शरणार्थी व घुसखोर यांत भेद केला पाहिजे, हा गृहमंत्री अमित शहा यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. विरोधकांनी हा भेद हेतूवरून न ठरता धर्मावरून ठरतो, असे म्हटले. शिवसेनेने लोकसभेत विधेयकास पाठिंबा दिला व राज्यसभेत मतदानाच्या वेळी सभात्याग केला. देशमुखांच्या उपसूचनेत दोन धर्म होते, आता सहा झाले. सिधवांच्या प्रश्नाचे उत्तर अशा प्रकारे मिळाले. अय्यर यांचा आक्षेप मात्र होता तेथेच राहिला. २७ मार्च २०२५ रोजी परकी नागरिकांविषयीच्या नव्या विधेयकावर बोलताना शहा यांनी भारत ही धर्मशाळा नव्हे, असे विधान केले. मराठी मुलखात धर्मशाळा हा पुण्यकर्माचा शब्द. देवस्थानांच्या गावी ती बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरीत. संसदेतील या प्रयोगात तो आळशी औदार्याचा वाचक झाला.

हा अधिनियम १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला व १९४६ चा अधिनियम रद्द झाला. पण आपण परकी नाही हे सिद्ध करण्याचा भार संबंधित माणसावर ठेवणारे तत्त्व नव्या अधिनियमातही कायम आहे. मराठवाड्यात हा भार किती जड असू शकतो, याची कल्पना एका वेगळ्याच प्रकरणावरून येते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा निजामकालीन महसुली दप्तरे उर्दू व मोडी लिपींत असल्याने ती वाचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावी लागली आणि पिढ्यान्पिढ्या त्याच गावी शेती करणाऱ्या असंख्य कुटुंबांना आपल्या आजा-पणजाची एक नोंदही सापडली नाही. ही कुटुंबे कधी कोठून आली नव्हती.